आधी वही, मग चंचुपात्र

रेवसच्या धक्क्यावरून बाटलीभर पाणी भरून घेतले आणि त्यात मीठ किती असे विचारले, तर रसायनशास्त्राचा विद्यार्थी ब्युरेट शोधू लागेल. धक्क्यावरचा नाखवा मात्र आधी उलट विचारेल, पाणी भरले कधी? भरतीला की सुकतीला? फाल्गुनात की आषाढात? रेवस धरमतर खाडीच्या तोंडाशी आहे. समोर करंजा, पश्चिमेला मुंबईच्या बंदराकडे उघडणारा समुद्र आणि मागून नागोठण्यावरून उतरत येणारी अंबा नदी. उन्हाळ्यात इथले पाणी जवळपास समुद्राइतके खारट असते. पावसाळ्यात अंबेचे आणि पाताळगंगेचे लाल, गढूळ पाणी खाडीत उतरले की खारटपणा झपाट्याने घसरतो. भरती आणि ओहोटीचे पाणीही सारखे नसते. तेव्हा ‘रेवसच्या पाण्यात मीठ किती’ हा प्रश्न अर्धाच आहे. तो पुरा करायचा तर महिना, तिथी, वेळ आणि खोली आधी ठरवावी लागते.

कोकणातला कोळी हे तोंडी गणिताने ठरवत आला आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती पुरी, आणि त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी किंवा नंतर सुकती. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यासाठी हा हिशेब ढोबळ असला तरी होडी कधी काढायची हे ठरवायला पुरतो. नमुना कधी भरायचा हे ठरवायलाही तो तितकाच चालतो. प्रयोगशाळेचे दार उघडण्याआधीच प्रयोगाचा पहिला निर्णय इथे झालेला असतो.

पुढची पाने अशा निर्णयांबद्दल आहेत. रसायनशास्त्रातला प्रयोग आखायचा कसा, आणि ती आखणी कागदाच्या वहीऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रयोगवहीत ठेवली तर काय बदलते, हा त्यांचा विषय. विषय नवा वाटला तरी त्यातली गोम जुनी आहे. प्रयोगवही म्हणजे झालेल्या गोष्टी लिहून ठेवण्याची जागा, असे आपल्याकडे धरले जाते. खरे पाहता तिचे निम्मे काम प्रयोग सुरू होण्याआधीचे असते. काय करायचे ठरवले आणि प्रत्यक्षात काय घडले, हे दोन्ही तिच्यात शेजारी शेजारी राहिले पाहिजे. या दोन्हींत जो फरक पडतो, त्यातूनच विद्यार्थ्याला रसायनशास्त्र कळते.

रेवसच्याच पाण्याचे उदाहरण पुढे नेऊ. क्लोराइड मोजायची कॉलेजात शिकवली जाणारी पद्धत मोरची. पाण्याच्या नमुन्यात पोटॅशियम क्रोमेटचे काही थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडत राहायचे. आधी सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका पडतो. क्लोराइड संपले की पुढचा थेंब क्रोमेटशी जोडला जातो आणि पिवळ्या द्रावणाला विटकरी झाक येते. तोच अंत्यबिंदू. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेटचा एक मिलिलिटर ३.५४५ मिलिग्रॅम क्लोराइड गाठतो. आता कोणी उत्साहाने १० मिलिलिटर खाडीचे पाणी सरळ फ्लास्कमध्ये घेतले, तर त्यात १९० मिलिग्रॅम क्लोराइड येईल आणि ब्युरेटमधून सुमारे ५४ मिलिलिटर द्रावण सोडावे लागेल. ब्युरेट ५० मिलिलिटरची. अंत्यबिंदू यायच्या आत ती रिकामी होणार, मग पुन्हा भरायची, पुन्हा शून्यावर आणायची आणि त्या गडबडीत एखादा बुडबुडा नळीत राहायचा.

हे टाळायला फक्त दोन ओळींचा हिशेब लागतो, पण तो आधी करावा लागतो. २५ मिलिलिटर नमुना प्रमाण फ्लास्कमध्ये २५० मिलिलिटरपर्यंत पातळ करायचा आणि त्यातले २५ मिलिलिटर टायट्रेशनला घ्यायचे. म्हणजे मूळ पाणी अडीच मिलिलिटर, क्लोराइड साडेसत्तेचाळीस मिलिग्रॅम आणि अपेक्षित रीडिंग १३.४. चार नमुने आणि प्रत्येकाची तीन रीडिंग धरली, तर बारा टायट्रेशनना सिल्व्हर नायट्रेट पावणेतीन ग्रॅम पुरते. न आखता केले तर तेच काम जवळपास अकरा ग्रॅम खाते. सिल्व्हर नायट्रेट चांदीचे आहे आणि कॉलेजचे बजेट काय असते हे प्रत्येक लॅब असिस्टंटला ठाऊक आहे. आषाढात नमुना घेतला आणि क्लोराइड निम्म्यावर आले, तर त्याच आखणीत रीडिंग ६.७ येईल. ब्युरेट वाचण्यात ०.१ मिलिलिटरची चूक धरली, तर उन्हाळ्यात ती पाऊण टक्का होती, आता दीड टक्का झाली. म्हणून पावसाळ्यासाठी कमी पातळ करण्याची दुसरी वाट आखणीतच लिहून ठेवावी लागते. शिवाय क्रोमेट विषारी आहे. उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतायचे नाही, वेगळ्या बाटलीत साठवायचे, हेही त्याच पानावर आले पाहिजे.

क्लोराइडवरून क्षारता काढण्याची रीत समुद्रविज्ञानात दीर्घकाळ चालली. डेन्मार्कच्या मार्टिन नुडसेन यांनी १९०१ साली त्यासाठी तक्ते प्रसिद्ध केले. पुढे क्लोरिनिटीला १.८०६५५ ने गुणून क्षारता काढण्याचा संकेत रूढ झाला. जगभरच्या जहाजांवर वेगवेगळ्या माणसांनी मोजलेले आकडे जुळावेत, म्हणून कोपनहेगनहून काचेच्या बंद नळ्यांत भरलेले प्रमाण समुद्रजल पाठवले जाई. प्रत्येकाने आपले सिल्व्हर नायट्रेट आधी त्या पाण्यावर तपासायचे आणि मग आपल्या नमुन्याला हात लावायचा, असा शिरस्ता होता.

आता कॉलेजच्या प्रयोगशाळेत डोकावू. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या रायगडातल्या कोणत्याही कॉलेजात असो वा पुण्या-नागपुरात, विद्यार्थ्याकडे दोन वह्या असतात. एक रफ, दुसरी फेअर. रफ वहीत ब्युरेटची रीडिंग, एखादी आकडेमोड, आम्लाचा डाग आणि कोपऱ्यात कोणाचा तरी फोन नंबर. फेअर वही म्हणजे जर्नल. डाव्या पानावर पेन्सिलीने आकृती, उजव्या पानावर कृती, खाली निष्कर्ष आणि सरांची सही. परीक्षेच्या आधी जर्नल ‘सर्टिफाय’ व्हायला हवे, म्हणून सबमिशनच्या आठवड्यात मागच्या वर्षीच्या जर्नलना मागणी वाढते. रीडिंग १३.१, १३.६ आणि १४.० आली असली, तरी जर्नलमध्ये १३.४, १३.४, १३.४ बसते. याला ‘रीडिंग बसवणे’ म्हणतात आणि ते कसे बसवायचे हे सीनियर ज्युनियरला प्रेमाने शिकवतात. एक्स्टर्नल जर्नलची पाने उलटतात, व्हायवा होतो, गुण मिळतात. रफ वही मे महिन्यात रद्दीत जाते.

रद्दीत जाते ती खरी प्रयोगवही.

१३.१ आणि १४.० मध्ये जवळपास एका मिलिलिटरचा फरक का पडला, याचे उत्तर तिच्यातच होते. पिपेट धुतली नव्हती? साका नीट ढवळला नव्हता? पहिल्या नमुन्याला विटकरी रंग कोणता हे डोळ्याला अजून उमजले नव्हते? या प्रश्नांच्या उत्तरांतून हात तयार होतो. फेअर वही हे प्रश्नच पुसून टाकते. दोष विद्यार्थ्याचा म्हणावा तर तो थोडाच आहे. गुण जुळलेल्या आकड्यांना मिळत असतील, तर आकडे जुळणारच.

इलेक्ट्रॉनिक प्रयोगवही नेमकी इथे उपयोगी पडते. ती नुसती संगणकावर टाइप केलेली फाईल नव्हे. वर्ड किंवा एक्सेलमध्ये कालचा आकडा आज बदलला तर मागे खूण राहत नाही. चांगल्या प्रयोगवहीत प्रत्येक प्रयोगाला स्वतःचा क्रमांक असतो. कोणी काय लिहिले, केव्हा लिहिले, नंतर काय बदलले, याचा माग सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे आपोआप राहतो. १३.१ खोडून १३.४ करता येते, पण १३.१ दिसत राहते आणि बदलाचे कारण विचारले जाते. प्रयोग पुरा झाला की पान कुलूपबंद होते आणि दुसरी व्यक्ती साक्षीदार म्हणून सही करते. रफ आणि फेअर असा भेदच तिथे उरत नाही.

क्रमांक देण्याची कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची. मायकेल फॅरडे यांनी १८३२ पासून आपल्या प्रयोग-दैनंदिनीतल्या परिच्छेदांना ओळीने क्रमांक द्यायला सुरुवात केली. ती मालिका १६,०४१ पर्यंत गेली. त्यामुळे पुढच्या प्रयोगात मागच्या निरीक्षणाकडे बोट दाखवायला एक आकडा पुरत असे. फसलेले प्रयोगही त्याच मालिकेत आहेत. गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचा संबंध त्यांनी शोधून पाहिला, काही हाती लागले नाही, तेही त्यांनी लिहून ठेवले.

आखणीची शिस्त कशी असते, याचा याहून जवळचा दाखला रेवसपासून वीसेक किलोमीटरवर अलिबागला आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद चालू होती. शहरात विजेच्या ट्राम येणार हे नक्की झाले, तेव्हा तिथल्या नाजूक मापनांत बिघाड होणार हे उघड होते. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ट्राम धावू लागण्याची वाट पाहिली नाही. अलिबागला लोखंड टाळून, चुंबकत्वाचा उपद्रव न देणाऱ्या सामग्रीची इमारत उभी केली आणि १९०४ साली तिथे नोंदी सुरू झाल्या. कुलाब्याचे काम मात्र लगेच बंद केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापने घेतली. दोन्ही जागांच्या आकड्यांतला फरक नीट कळला, मगच कुलाबा थांबले. विजेची ट्राम मुंबईत आली १९०७ च्या मे महिन्यात. म्हणून कुलाबा-अलिबागची नोंदमाला आजही एकसंध मानली जाते. हे रसायनशास्त्र नव्हे. पण पद्धत बदलण्याआधी जुनी आणि नवी पद्धत काही काळ शेजारी चालवून पाहावी, हा धडा कागदी जर्नलवरून इलेक्ट्रॉनिक वहीकडे जाणाऱ्या प्रत्येक विभागाने उचलण्यासारखा आहे.

रसायनशास्त्रासाठी बनवलेल्या प्रयोगवहीत आखणीचे पान कसे दिसते? ॲस्पिरिन घेऊ. बी.एस्सी.च्या मुलांनी केलेला, ओळखीचा प्रयोग. पडद्यावर सॅलिसिलिक ॲसिडची रचना काढली की रेणुवस्तुमान १३८.१२ आपोआप येते. वजनाच्या रकान्यात २.० ग्रॅम लिहिले की १४.५ मिलिमोल येते आणि हा पदार्थ ‘मर्यादित’ म्हणून खूण होते, कारण उत्पादन किती मिळणार ते तो ठरवतो. पुढची ओळ ॲसेटिक ॲनहायड्राइडची. तो द्रव, म्हणून ५ मिलिलिटर लिहायचे. घनता १.०८ धरून ५.४ ग्रॅम, म्हणजे ५२.९ मिलिमोल, पहिल्याच्या साडेतीनपटीहून थोडे जास्त. तिसऱ्या ओळीत सल्फ्युरिक किंवा फॉस्फोरिक आम्लाचे काही थेंब, उत्प्रेरक म्हणून. खाली अपेक्षित ॲस्पिरिन २.६१ ग्रॅम. शेजारी धोक्याच्या खुणा असतात. ॲनहायड्राइड डोळ्यांना झोंबतो, ज्वलनशील आहे, पाण्याशी उष्णता देत अभिक्रिया करतो, म्हणून फ्यूम हूडमध्येच उघडायचा. बाटलीवरचा बारकोड फोनने वाचला, तर कोणत्या बॅचची बाटली, कधी उघडली, किती शिल्लक, हे त्याच ओळीला जोडले जाते.

एवढे प्रयोगाच्या आधी. मग प्रयोग होतो, स्फटिक गाळले जातात, वजन होते आणि एखाद्या मुलीचे ॲस्पिरिन भरते २.८ ग्रॅम. फेअर वहीत हा आकडा गुपचूप २.१ झाला असता, कारण ऐंशी टक्के उत्पादन ‘चांगले’ दिसते. आखणीचे पान समोर असले की २.८ म्हणजे १०७ टक्के हे लपत नाही. शंभरावर जाणारे उत्पादन अशक्य असते, तेव्हा स्फटिकांत पाणी राहिले असावे. न बदललेल्या सॅलिसिलिक ॲसिडाने वजन शंभरावर जात नाही, पण तेही सोबत उरले आहे का, हे पाहावे लागते. पुन्हा वाळवून वजन केले तर पाण्याचे उत्तर मिळते. फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून जांभळा रंग आला, तर सॅलिसिलिक ॲसिडचे. द्रवणांक १३५ अंश सेल्सिअसच्या आसपास नेमका येतो की पसरट, हेही बोलते. तीन छोट्या चाचण्या, आणि त्यांचा विचार सुचला तो आखणी आणि वास्तव यांतल्या दोन दशांश ग्रॅमच्या फरकामुळे.

सोय म्हटली की तिचा गैरवापर आलाच. इलेक्ट्रॉनिक प्रयोगवहीत जुन्या प्रयोगाची नक्कल एका क्लिकवर होते. जुनी आखणी नव्या प्रयोगाला सुरुवात म्हणून घ्यायला ही सोय उत्तम. पण गेल्या वर्षीची बाटली ९९ टक्के शुद्ध होती आणि यंदाची ९५ टक्के असेल, तर नक्कल केलेला तक्ता मुकाट्याने जुनाच आकडा वापरत राहतो. सीनियरच्या जर्नलवरून उतरवण्याची जुनी खोड इथे नव्या रूपात परत येते. म्हणून नक्कल केल्यावर तपासायच्या जागा ठरवून ठेवाव्यात. शुद्धता, घनता, द्रावणाची नेमकी तीव्रता आणि प्रयोगाचे आकारमान.

आकारमानाची गोष्ट या किनाऱ्याला विशेष लागू आहे. रेवसहून अलिबागच्या वाटेवर थळ येते. तिथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा अमोनिया आणि युरियाचा कारखाना ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून नैसर्गिक वायूवर चालतो आहे. रसायनी, तळोजा, रोहा, महाड या पट्ट्यात रसायनांचे कारखाने आहेत. रायगडातल्या कॉलेजातून बाहेर पडणारी कित्येक मुले-मुली तिथेच क्यूसीमध्ये, प्लांटवर किंवा आर अँड डीमध्ये लागतात. काचेच्या फ्लास्कमध्ये जमलेली अभिक्रिया रिॲक्टरमध्ये तशीच वागत नाही. शंभर मिलिलिटरवरून शंभर लिटरवर गेले की आकारमान हजारपट होते, पण त्याच आकाराच्या भांड्याचा पृष्ठभाग फक्त शंभरपट वाढतो. उष्णता निर्माण होते ती आकारमानाच्या हिशेबाने, बाहेर जाते ती पृष्ठभागाच्या हिशेबाने. लहान फ्लास्क हवेनेच थंड होतो, रिॲक्टर होत नाही.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे १९ डिसेंबर २००७ रोजी टी-टू लॅबोरेटरीजच्या कारखान्यात झालेला स्फोट याचे भीषण उदाहरण आहे. पेट्रोलमध्ये मिसळायचे एक रसायन तिथे बनत असे. त्या दिवशीची बॅच १७५ वी होती. शीतन यंत्रणा निकामी झाली, तापमान चढत गेले आणि एका मर्यादेपुढे दुसरीच, कितीतरी अधिक उष्णता देणारी अभिक्रिया सुरू झाली. चार जणांचा बळी गेला, ३२ जखमी झाले. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशीअंती म्हटले की अभिक्रिया हाताबाहेर जाण्याचा धोका मालकांच्या लक्षातच आला नव्हता. प्रयोगशाळेतले प्रयोग एक लिटरच्या भांड्यात झाले होते. तापमान ठरल्यापेक्षा वर गेले तर काय होईल, हा प्रश्न आखणीच्या टप्प्यावर विचारून तपासला गेला नव्हता. इलेक्ट्रॉनिक वही असती तर स्फोट टळला असता, असा दावा कोणी करू नये. पण तिच्या साच्यात ‘थंड करणे थांबले तर?’ असा रकाना असेल आणि तो भरल्याशिवाय प्रयोग सुरू करता येणार नसेल, तर तो प्रश्न निदान एकदा समोर येतो.

कारखान्यांना या वह्यांकडे वळवले ते मात्र बव्हंशी कायद्याने. अमेरिकेत १६ मार्च २०१३ पर्यंत पेटंट पहिल्या अर्जदाराला नव्हे, तर पहिल्या शोधकर्त्याला मिळत असे. त्यामुळे तारखेसह, साक्षीदाराच्या सहीची प्रयोगवही कोर्टात लाखमोलाची ठरे. औषधांच्या बाबतीत अमेरिकेच्या एफडीएने १९९७ साली इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांसाठी ‘भाग ११’ हा नियम आणला. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदींना कायदेशीर मान्यता दिली. औषधनिर्मितीच्या सुधारित ‘शेड्यूल एम’ने, २०२३ च्या अखेरीस, संगणकीय यंत्रणांसाठीही अपेक्षा घालून दिल्या. नोंद कोणी केली ते कळावे, ती वाचता यावी, काम होतानाच केलेली असावी, मूळ असावी आणि अचूक असावी, हे पाच निकष औषध कंपन्यांत आज नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात शिकवले जातात. ते कडक होण्यामागे कारणे आहेत. २०१३ साली औरंगाबादजवळच्या वाळूजमधल्या एका औषध कारखान्याच्या तपासणीत फाडलेल्या मूळ नोंदी कचऱ्यात सापडल्याचे एफडीएने जाहीर पत्रात नमूद केले होते. रफ वही रद्दीत टाकायची सवय कॉलेजातच लागलेली असते. कारखान्यात तिची किंमत मोजावी लागते.

याच्या अगदी उलट टोकाचा प्रवाहही आहे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ ज्याँ-क्लोद ब्रॅडली यांनी २००६ च्या सुमारास आपल्या गटाची प्रयोगवही इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली. मलेरियावरच्या संभाव्य रेणूंचे काम, यशस्वी आणि फसलेले दोन्ही, रोजच्या रोज जगासमोर येऊ लागले. त्यांनी या पद्धतीला ‘मुक्त प्रयोगवही विज्ञान’ असे नाव दिले. भारतात वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने २००८ साली क्षयरोगावरच्या औषधांसाठी ‘ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी’ प्रकल्प सुरू केला. त्यातही खुली प्रयोगवही हा कणा होता आणि देशभरातले विद्यार्थी त्यात नोंदी करत होते. गावाकडच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्याला मोठ्या संस्थेतल्या संशोधकाच्या वहीचे पान उघडून बघता येणे, ही त्यातली मोठी गोष्ट होती. फसलेला प्रयोग कसा लिहितात हे पाठ्यपुस्तकात कधीच दिसत नाही, ते तिथे दिसत होते.

खर्चाचे काय? मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर महाग असतात आणि कॉलेजला ती झेपणार नाहीत. पण पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमध्ये निकोला कार्पी यांनी २०१२ पासून घडवलेली ‘ई-लॅब-एफटीडब्ल्यू’ आणि जर्मनीतल्या कार्ल्सरूहे तंत्रज्ञान संस्थेत खास रसायनशास्त्रासाठी तयार झालेली ‘केमोशन’ या दोन्ही मुक्त स्रोताच्या आहेत. त्या विनामूल्य मिळतात आणि विभागातल्या एखाद्या साध्या संगणकावर बसवता येतात. दोन्हींत युनिकोड चालते, म्हणजे निरीक्षणे मराठीत लिहिता येतात. रकान्यांची नावे आणि एकके आंतरराष्ट्रीय संकेतांप्रमाणे ठेवावीत. पण ‘पांढरा, दह्यासारखा साका, पाच मिनिटांत तळाशी बसला’ हे ज्या भाषेत डोळ्यांनी पाहिले त्या भाषेत लिहिले, तर निरीक्षण अधिक नेमके येते.

अडचणी खऱ्या आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. रायगडात विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. ज्यांची सगळी नोंद फक्त एका सर्व्हरवर आहे, त्यांनी अशा आठवड्याचा विचार आधीच करायला हवा. प्रत्येक पुऱ्या झालेल्या प्रयोगाची पीडीएफ प्रत वेगळ्या जागी, वेगळ्या गावात ठेवावी. वीज नसताना वापरायला क्रमांक छापलेले कागदी पान तयार ठेवावे आणि वीज आली की त्याचा फोटो त्याच क्रमांकाला जोडावा. दुसरी अडचण कंपन्यांची. ज्या सॉफ्टवेअरमधून आपली माहिती सर्वसामान्य स्वरूपात बाहेर काढता येत नाही, ते कितीही देखणे असले तरी घेऊ नये. उद्या कंपनी बंद पडली तर दहा वर्षांचे काम तिच्याबरोबर बुडते. तिसरी अडचण प्रयोगशाळेतली. हातमोज्यांवर सिल्व्हर नायट्रेट असताना टॅबला हात लावला, तर टॅबवर काळे डाग पडतात. ब्युरेटशेजारी एक जण वाचणारा आणि एक जण लिहिणारा, अशी जोडी ठरवली की हा प्रश्न सुटतो आणि नोंदही त्याच क्षणी होते.

सर्वांत मोठी अडचण मात्र गुणांची आहे. जोवर एक्स्टर्नल जुळलेली रीडिंग पाहून खूश होतात, तोवर वही कागदाची असो की पडद्यावरची, विद्यार्थी रीडिंग बसवतच राहणार. विभागाने निदान एवढे ठरवावे, की दहापैकी चार गुण आखणीच्या पानाला, चार फरकाच्या स्पष्टीकरणाला आणि उरलेले दोन उत्तराला. हा बदल करायला सॉफ्टवेअरही लागत नाही, विभागाच्या बैठकीतला एक ठराव पुरतो.

पुढच्या प्रकरणांत आखणीचे पान टप्प्याटप्प्याने भरायला घेतले आहे. आधी अनुमापन, मग कार्बनी संश्लेषण, मग उष्णता आणि आकारमान आणि शेवटी विभागासाठी वही निवडण्याचे आणि बसवण्याचे काम. सगळे एकदम करायला जाऊ नये. शिक्षकांनी येत्या सत्रात एकच प्रयोग निवडावा, रेवसच्या पाण्याचे क्लोराइड निवडले तरी चालेल. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याकडून नमुन्याची वेळ, पातळ करण्याचे प्रमाण आणि अपेक्षित रीडिंग वहीत लिहून घ्यावे आणि ते पान कुलूपबंद करावे. दुसऱ्या दिवशी आलेली तिन्ही रीडिंग, जशी येतील तशी, त्याखाली लिहू द्यावीत. त्यांतले कोणतेही खोडू देऊ नये.